बोट विकणे आहे, जागेवर पाहावी

जुनी मोटार विकायला काढली की माणूस ती धुतो, सीटखालची शेंगदाण्याची टरफलं वेचतो, चार फोटो टाकतो, आणि संध्याकाळच्या आत कोणीतरी ‘फायनल किती?’ विचारायला दारात उभा राहतो. जुनी शिडाची बोट विकायची तर त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. गिऱ्हाईक येईपर्यंत ती उभी कुठे करायची? पाण्यात ठेवली तर मरीनाचं भाडं. जमिनीवर काढली तर बोटयार्डाचं भाडं. दोन्ही ठिकाणी नसेल तर ती बुडाली आहे असं समजावं, आणि तेव्हाही वर काढायचा खर्च मालकाकडूनच घेतात.

मी मूळचा वाईचा. आमच्या घराण्याचा जलप्रवास कृष्णेच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर संपतो. नोकरीने अमेरिकेत मॅरीलँडला आणून टाकलं, ॲनापोलिसपासून अर्ध्या तासावर घर झालं, आणि २०१० साली बातमी वाचली की नौदलातले दिलीप दोंदे ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. बोटही आपल्या गोव्यात, दिवाड बेटावर बांधलेली. एका मराठी माणसाला जमलं ते दुसऱ्याला का जमू नये, असं मला जेवताना वाटलं. दोंद्यांची त्याआधी नौदलात वर्षानुवर्षं गेली होती, बोट बांधली जात असताना ते स्वतः तिथे ठाण मांडून होते. माझी तयारी म्हणजे मी जाहिराती वाचत होतो.

ॲनापोलिस हे गावच वाईट. १८४५ पासून तिथे अमेरिकेच्या नौदलाची अकादमी आहे, गल्लीच्या टोकाला पाणी आणि पाण्यावर डोलकाठ्या आहेत. दर ऑक्टोबरात शिडाच्या बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे नव्या बोटीत चढावं, गादीवर बसावं, किमतीची पाटी वाचावी आणि खाली उतरून जुनी बोट शोधावी, असा अनेकांचा क्रम आहे. मीही एक घेतली. सत्तावीस फुटी, फायबरग्लासची, कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकात बांधलेली. म्हणजे मी मुंजीला बसलो तेव्हा ती पाण्यात उतरून स्थिरावली होती.

पुढच्या काही वर्षांच्या नौकानयनाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चेसापीक उपसागर लांबीला दोनशे मैल असला तरी त्याची सरासरी खोली एकवीस फूट आहे. ऑगस्टात वारा पडतो आणि पाण्यात जेलीफिश भरतात, त्यामुळे पुढे जाता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. आम्ही इंजिनावर मध्यापर्यंत जात असू, शीड उभारत असू, साबुदाणा वडे खात असू, शीड उतरवत असू आणि इंजिनावर परत येत असू. मुलीच्या शाळेच्या निबंधात या छंदाचं नाव ‘पिकनिक’ असं आलं होतं.

मग मुलगी कॉलेजला गेली. तिची फी आणि मरीनाचं भाडं एकाच आठवड्यात एकाच खात्यातून जायला लागलं. बायको हिशेबनीस. तिने एक एक्सेल शीट उघडून माझ्यासमोर धरलं. त्यात ‘शीड प्रत्यक्ष वाऱ्याने भरले’ असा रकाना होता आणि शेवटी ‘प्रत्येक भरण्याचा खर्च’ काढलेला होता. मी बोट विकायचं ठरवलं, असं मी लोकांना सांगतो.

आधी ब्रोकरकडे गेलो. इकडे बोट विकून देणारे सर्वसाधारणपणे दहा टक्के कमिशन घेतात, आणि बोट स्वस्तातली असेल तर एक किमान रक्कम ठरलेली असते. ब्रोकरने बोटीचं साल विचारलं, लांबी विचारली, मग माझी अपेक्षा विचारली. ती ऐकून त्याने मला कॉफी दिली. म्हणाला, “स्वतःच विका. बोट बाहेर काढा, तळ साफ करा आणि चांगल्या यार्डात ठेवा. लोक आधी यार्ड बघतात, मग बोट.” एवढा मोलाचा सल्ला फुकट मिळाल्यामुळे मी तो गांभीर्याने घेतला नाही.

यार्डं मी पाहिली. गावातली सगळी चकचकीत. जमीन काँक्रीटची, बोटी रांगेत, मध्ये माणूस आरामात हिंडेल एवढी जागा. पण तिथे नियम फार. कुठे मालकाने स्वतः काही खरवडायचं नाही, काम यार्डाच्याच माणसांकडून करून घ्यायचं, तेही तासाच्या दराने. कुठे बाहेरचा कारागीर चालेल, पण त्याने आधी विम्याचा कागद आणून दाखवायचा. दर बोटीच्या फुटावर. एका ठिकाणच्या बाईंनी तो इतक्या मृदू आवाजात सांगितला की मला वाटलं त्या वर्षाचा सांगतायत. तो महिन्याचा होता.

आमच्या घराण्यात स्वस्ताई रक्तातून येते. मला दक्षिणेला तासभर अंतरावर, एका खाडीच्या टोकाशी, डांबरी रस्ता संपून खडी लागते तिथे एक यार्ड सापडलं. दर गावातल्यापेक्षा निम्म्याहून कमी. स्वतःचं काम स्वतः करायला पूर्ण मुभा. फोनवरच्या गृहस्थाने विचारलं, “बोट केवढी?” मी म्हटलं, “सव्वीस फूट दहा इंच.” तो म्हणाला, “आणा, बघू.”

आणली. बोट बाहेर काढायचं यंत्र म्हणजे चार चाकांवरची एक भली मोठी चौकट. तिला दोन पट्टे लोंबत असतात, त्यांवर बोट उचलायची आणि पाणी ठिबकत असतानाच चालवत न्यायची. आपली बोट अशी हवेत पाहिली की पोटात कालवतं, कारण पाण्याखाली आपण काय वाढवून ठेवलंय ते सगळ्या गावाला दिसतं. शेवाळ, शिंपले, आणि सुकाणूला गुंडाळलेली एक निळी दोरी, जी मी दोन उन्हाळे शोधत होतो. गृहस्थाने टेप काढला. पुढच्या कठड्याच्या नाकापासून मागे टांगलेल्या इंजिनाच्या शेपटीपर्यंत माप घेतलं आणि पुकारलं, “तीस.” मी म्हटलं, “अहो, कागदावर सव्वीस फूट दहा इंच आहे.” तो म्हणाला, “कागद ठेवायचा असेल तर सव्वीस दहाचे घेईन.”

बोट त्याने मागच्या रांगेत, झाडीच्या कडेला उभी केली. आमच्या बोटीच्या पोटाखाली शिशाचं वजन भरलेली कील असते, एक जाड पंखाच म्हणा. सगळा भार तिच्यावर घ्यायचा आणि बाजूंनी लोखंडी जॅकस्टँडचे टेकू द्यायचे. समोरासमोरचे टेकू साखळीने बांधायचे, नाहीतर ते सरकतात. या टेकूंना मालकाने हात लावायचा नाही, हा एकच नियम त्या यार्डात होता आणि तो फार मोठ्या अक्षरांत लिहिला होता. अक्षरांच्या आकारावरून त्यामागचा इतिहास कळत होता.

शेजारच्या बोटींकडे मी दुसऱ्या खेपेला नीट पाहिलं. उजवीकडच्या बोटीच्या शिडीला वेल चढला होता. डावीकडच्या बोटीतून एक झाड वर आलं होतं आणि त्यावर घरटं होतं. मालक भाडं देईनासा झाला की यार्डाला कायद्याने बोटीचा लिलाव करता येतो, पण लिलावाला कोणीतरी यावं लागतं. मागच्या रांगेत सगळ्या अशाच होत्या. आणि त्यांच्यामध्ये माझी, गळ्यात ‘फॉर सेल’ची पाटी घातलेली. बघायला येणाऱ्याला ती शोधेपर्यंत मनातला आकडा निम्म्यावर येत असे, आणि मला मात्र मी महिन्याला किती वाचवतोय याचाच अभिमान.

गिऱ्हाइकं आली. नाही असं नाही. एक तरुण जोडपं आलं, नोकऱ्या सोडून बहामाला जाऊन बोटीवर राहणार होतं. त्यांनी इंजिन पाहिलं नाही, शीड पाहिलं नाही. पलंग मोजला आणि निराश होऊन गेले. एक आजोबा दर शनिवारी येत. त्यांनी आयुष्यात बाळगलेल्या सगळ्या बोटींची हकीकत ते क्रमाने सांगत आणि मी शिडीखाली उभा राहून ऐकत असे. ते विकत घेणार नाहीत हे मला लवकर कळलं. मला ऐकायला आवडतं हे त्यांना त्याहून लवकर कळलं.

मराठी मंडळातून एक स्नेही आले. त्यांनी टाचेने हळूच कील दाबून पाहिली आणि विचारलं, “मायलेज किती देते?” मी म्हटलं, “वाऱ्यावर चालते.” ते म्हणाले, “ते ठीक आहे, पण साधारण?” मग त्यांनी योजना मांडली. दहा कुटुंबांनी मिळून घ्यायची, प्रत्येकाला पाच आठवडे, गणपती विसर्जनाला मंडळाची स्वतःची बोट. अध्यक्ष कोण यावर व्हॉट्सॲपवर चर्चा सुरू झाली आणि ती आजही चालू आहे.

यात थंडी आली. थंडीत इथे पाणी गोठतं, म्हणून बोटीच्या पाण्याच्या नळ्यांत गुलाबी रंगाचं न गोठणारं द्रावण भरून ठेवावं लागतं. ते मी भरलं. बोटीवर ताडपत्री घातली. भाडं मात्र उघड्यावरचं असो की झाकलेलं, तीस फुटांचंच.

फेब्रुवारीत नाना आले. माझे वडील. “थंडीत येऊ नका” असं सांगूनही आले, कारण तिकीट स्वस्त होतं. नाना कस्टममध्ये होते, रेवस-अलिबागकडे त्यांनी बरीच वर्षं काढली, त्यामुळे समुद्र हे आपलं खातं आहे असं ते मानतात. मी त्यांना यार्डात नेलं. त्यांनी ते झाड, तो वेल, ती खडी सगळं पाहिलं. “भाडं किती?” मी सांगितलं. नानांचा चेहरा उजळला. “फार छान जागा शोधलीस,” म्हणाले. आख्ख्या व्यवहारात मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

मार्चमध्ये त्यांना ईस्टपोर्टला नेलं. ॲनापोलिसच्या या भागात वसंत संपाताला लोक खाडीकाठी शेकोटी पेटवून त्यात हिवाळ्यातले मोजे जाळतात. ही पद्धत एका बोटयार्डात काम करणाऱ्या माणसाने सुरू केली. आता बोटीवर अनवाणी फिरायचे दिवस आले, मोजे कशाला, असा त्यामागचा हिशेब. सोबत भाजलेली कालवं खातात. नाना म्हणाले, “होळीच की रे ही,” आणि बोंब मारायला तोंडाकडे हात नेला. मी तो वरच्यावर धरला. मोजे जाळायला त्यांनी साफ नकार दिला. “एक भोक पडलंय म्हणून कोणी मोजा जाळतं का?”

उन्हं तापायला लागली तसं मी तळाचं काम हाती घेतलं. तळाला शिंपले धरू नयेत म्हणून तांबं मिसळलेला रंग लावतात. जुना रंग घासून काढताना त्याची धूळ विषारी, ती जमिनीवर आणि पाण्यात जाऊ नये म्हणून खाली ताडपत्री आणि धूळ ओढून घेणारं घासण्याचं यंत्र लागतं. ते यंत्र यार्डाकडे भाड्याने मिळत होतं. शिडी भाड्याने होती. वीज मीटरवर होती. तेव्हा कुठे मला यार्डाचं अर्थशास्त्र समजलं: जागा जवळजवळ फुकट होती, बाकी सगळं भाड्याने. मी दोन दिवस घासलं. मुखवटा घातला होता, तरी घरी गेलो तो कानाच्या पाळ्यांपर्यंत निळा होऊन. बायकोने दार उघडलं, पाहिलं, आणि एक्सेलमध्ये नवीन रकाना घातला.

एप्रिलमध्ये खरं गिऱ्हाईक आलं. निवृत्त नर्स, साठीच्या पुढच्या, बोलणं कमी. त्यांनी बोटीला एक चक्कर मारली, किंमत विचारली, त्यातून एक हजार वजा केले आणि म्हणाल्या, “सर्व्हेयर पाठवते.” जुन्या बोटीचा विमा काढायचा तर विमावाले बहुधा सर्व्हेयरचा अहवाल मागतात आणि त्याची फी विकत घेणारा देतो. पदरचं काही जाणार नाही हे ऐकून मी तात्काळ होकार दिला.

सर्व्हेयर सकाळी आला. उंच, शांत माणूस. एका हातात छोटी हातोडी, दुसऱ्यात ओल मोजायचं यंत्र. आपल्याकडे बाया बाजारात मडकं वाजवून घेतात तसा तो बोटीच्या पोटावर वीतभर अंतराने टकटक करत निघाला. आवाज टणक आला की पुढे, बद्द आला की थांबून खडूने खूण. मी मागून चाललो होतो. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते, म्हणून खडू टेकला की मी मान हलवत होतो. कील जिथे पोटाला जोडलेली असते तिथे पुढच्या बाजूला एक बारीक वाकडी भेग होती. अशा भेगेला इकडे ‘स्माईल’ म्हणतात. जोडाचे बोल्ट ढिले पडले किंवा त्यावरचं लाकूड कालांतराने दबलं की ती दिसायला लागते. बोल्ट आवळायचे, भेग खरवडून भरायची, हा उपाय. मी ती याआधी रंगाखाली झाकून टाकली होती, पण ऐन निळ्या दिवसांत मीच ती घासून पुन्हा उघडी केली होती.

मग तो आत गेला. फळ्या उचलल्या, कपाटांत डोकं घातलं, डोलकाठीच्या तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्ट्या तपासल्या. अहवाल अनेक पानी आला. त्यात डोलकाठीच्या तारा बदलाव्यात, आतल्या एका उभ्या फळीत ओल शिरली आहे, वगैरे होतं. एकविसाव्या मुद्द्यात लिहिलं होतं की तळाच्या पन्हळीत एक स्टीलचा डबा सापडला असून त्यात अज्ञात कोरडा खाद्यपदार्थ आहे. तो पातळ पोह्यांचा चिवडा होता. बायको तो डबा कित्येक वर्षं शोधत होती. अहवालातला तेवढा एकच मुद्दा तिने वाचला.

बाईंनी अहवालाच्या आधारे किंमत आणखी उतरवली आणि पाण्यात चालवून दाखवा म्हणाल्या. आता यार्डाने बोट पाण्यात सोडायची. गृहस्थ म्हणाला, “सोडतो की. पण तुमच्या पुढे तीन उभ्या आहेत. त्या हलवायला लागतील.” त्या हलवण्याचे पैसे कोणी द्यायचे हे मी विचारलं नाही. वेल चढलेल्या बोटीचा मालक येऊन ते देणार नव्हता, एवढं मलाही कळत होतं.

त्या तिघी हलल्या आणि वायव्येकडून वारा सुटला. चेसापीकच्या वरच्या भागात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फुटाचा. तिथे चंद्रापेक्षा वाऱ्याची सत्ता जास्त. वायव्येचा जोरदार वारा उपसागरातलं पाणी समुद्राकडे ढकलतो, आणि आमच्यासारख्या उथळ खाडीतलं पाणी त्याच्याबरोबर निघून जातं. बोटीला चार फूट पाणी हवं. खाडीत तीन होतं. स्वस्त यार्डं उथळ खाडीत का असतात, याचा उलगडा झाला.

नानांनी पंचांग काढलं. “आज अष्टमी आहे. भांगाचं पाणी. पौर्णिमेला उधाण येईल, तेव्हा काढ.” मी सांगून पाहिलं की इथे तिथी चालत नाही. नाना म्हणाले, “चंद्र काय निराळा आहे का इथला?” पुढे वारा पडला आणि पाणी परतलं ते नेमकं पौर्णिमेच्या आसपास. तेव्हापासून चेसापीकबद्दल माझ्या घरात माझ्या शब्दाला किंमत नाही.

चाचणीच्या दिवशी सुरेख वारा होता. बाईंनी शीड उभारलं, पुढच्या शिडाच्या दोऱ्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता त्या सोडून तारांच्या पलीकडून पुन्हा ओवल्या. मी त्या आजवर चुकीच्या बाजूने ओवत होतो. मग बोट कलली आणि पळायला लागली. मी कठडा धरून बसलो. ती एवढी पळते याची मला कल्पनाच नव्हती. नानांनी विचारलं, “अरे, हिला विकतोयस कशाला?” बाईंनी तिथेच पैसे द्यायचं कबूल केलं, बहुधा नाना आणखी काही बोलायच्या आत.

कागदपत्रांचं काम मात्र सरळ झालं. मॅरीलँडमध्ये बोटीची मालकी नैसर्गिक संपदा खात्याकडे नोंदवतात. हरणांच्या शिकारीचे आणि खेकड्यांचे परवानेही तेच खातं देतं. पाच टक्के कर घेणाऱ्याने भरायचा. बाईंनी तो भरला आणि बोट थेट गावातल्या त्या मृदू आवाजाच्या बाईंच्या यार्डात नेली. जाताना म्हणाल्या, “तिथे असती तर मी तुम्हाला हजार जास्त दिले असते.”

यार्डाचं अखेरचं बिल, तीन बोटी हलवण्याचा आकार, यंत्राचं भाडं आणि विजेचं मीटर वजा जाता जे उरलं त्यात एक चांगल्यापैकी मिक्सर आला. चटणी बारीक वाटतो.

वाचकांपैकी कोणाची शिडाची बोट असेल आणि विकायचा विचार असेल, तर यार्डात जाऊन आधी मागची रांग बघावी, ओहोटीला खाडीची खोली विचारावी, आणि टेप कुठून कुठे लावतात ते लेखी घ्यावं. शिवाय माझ्या गॅरेजमध्ये एक जुनं मोठं शीड शिल्लक आहे. बाईंनी ते घेतलं नाही. मॅरीलँड-व्हर्जिनियाच्या कोणा मंडळाला गणपतीच्या मांडवाला छत हवं असेल तर येऊन घेऊन जावं. पैसे नकोत. फक्त सर्व्हेयर आणू नये.